आधी हद्द विचारा, मग आकडा : सोलापूरकरांसाठी सरकारी आकडे वाचण्याची रीत

एक जुना वाद सांगतो. 1991 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या 6,04,215 होती. 2001 मध्ये ती 8,72,478 झाली आणि 2011 मध्ये 9,51,558. म्हणजे पहिल्या दशकात 44 टक्के वाढ आणि दुसऱ्यात जेमतेम 9. यावरून आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, गिरण्या बंद पडल्या, पोरं पुण्याला गेली, शहर थंडावलं. दुसरा म्हणे, जनगणनाच धड झाली नाही. चहाचे तीन राउंड झाले, पण 1992 चं नाव कुणी काढलं नाही. त्या वर्षी शहराची हद्दवाढ झाली. बाळे, शेळगी, मजरेवाडी, देगाव, कुमठे, सोरेगाव अशी गावं कागदावर शहरात आली. माणसं होती तिथेच राहिली, फक्त मोजणीतला रकाना बदलला. त्या 44 टक्क्यांत जन्म किती, बाहेरून आलेले किती आणि रेघ सरकवल्यामुळे आलेले किती, हे त्या एका आकड्यातून निघत नाही. आम्ही मात्र अर्धा तास त्याच्यावरून शहराचं भविष्य सांगत बसलो होतो.

तेव्हापासून सरकारी आकडा हातात आला की मी तीन गोष्टी आधी विचारतो. हद्द कोणती? तारीख कोणती? आणि पैशाचा आकडा असेल तर तो कोणत्या टप्प्यावरचा? यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. भागाकार, टक्केवारी आणि थोडी चिकाटी एवढं पुरतं.

पहिली पायरी : प्रश्न लहान करा

"सोलापूरवर सरकार किती खर्च करतं?" या प्रश्नाला उत्तर नाही. हा प्रश्न घेऊन जो कार्यालयात जातो तो चहा पिऊन परत येतो. "आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दुरुस्तीवर 2023-24 मध्ये किती खर्च झाला?" याला उत्तर आहे. कोण खर्च करतं, कुठे, कशावर आणि कोणत्या आर्थिक वर्षात, या चार गोष्टी प्रश्नात असल्याच पाहिजेत. आर्थिक वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च, हे लिहिताना विसरू नका. नुसतं "2024 चा खर्च" म्हटलं की समोरचा माणूस सोयीचं वर्ष निवडतो.

यातलं "कोण" शोधणं सगळ्यात किचकट. रस्त्याचंच घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. पुणे-हैदराबादसारखा राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या खात्यात जातो आणि शहरातला बोळ महापालिकेच्या. दवाखान्यांचंही तेच. गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, गल्लीतला दवाखाना महापालिकेचा. आपण ज्याला नुसतं "सिव्हिल" म्हणतो ते मात्र वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय, म्हणून त्याचा खर्च वैद्यकीय शिक्षण विभागाच्या मागण्यांत (म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या विभागाच्या खर्चाच्या पानांत) सापडतो. तो आरोग्य विभागाच्या पानांत शोधत बसलात तर "सिव्हिलवर काहीच खर्च नाही" असा शोध लागायचा.

दुसरी पायरी : हद्द

"सोलापूर" या एका शब्दामागे निदान पाच वेगळे प्रदेश दडलेले असतात : महापालिका क्षेत्र, उत्तर सोलापूर तालुका, दक्षिण सोलापूर तालुका, अख्खा जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ. गुन्ह्यांची आकडेवारी बघाल तर सोलापूर शहर आणि सोलापूर ग्रामीण अशा दोन वेगळ्या ओळी असतात, कारण आयुक्तालय वेगळं आणि अधीक्षक कार्यालय वेगळं. एकच ओळ उचलून कुणी "सोलापुरात गुन्हे घटले" म्हणालं, तर कुठल्या सोलापुरात, हे विचारा.

जिल्ह्यात 11 तालुके आहेत आणि विधानसभेचे मतदारसंघही 11. हा योगायोग भल्याभल्यांना फसवतो. मंगळवेढा तालुका आहे, पण त्या नावाचा मतदारसंघ नाही. शहरात दोन मतदारसंघ आहेत, पण त्या नावांचे तालुके नाहीत. बार्शी जिल्ह्यात असून लोकसभेला धाराशिवकडे मतदान करते. माढा लोकसभा मतदारसंघात साताऱ्यातले फलटण आणि माण येतात. त्यामुळे खासदार निधीचा आकडा तालुक्याच्या लोकसंख्येने भागून "आमच्या वाट्याला इतके" म्हणणं म्हणजे एकाच्या शेतातली ज्वारी दुसऱ्याच्या कणगीत मोजणं.

करायचं इतकंच : वहीच्या वर आकड्याची हद्द लिहा आणि तिचा संकेतांकही लिहून ठेवा. 2011 च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याचा संकेतांक 526 आहे, प्रत्येक गावालाही स्वतःचा आहे. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात, आणि उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झाल्यापासून जुन्या-नव्या तक्त्यांत नावं जुळत नाहीत. संकेतांक पाहिला की तो घोळ टळतो.

तिसरी पायरी : भाजक आणि तारीख

भाजक म्हणजे काय हे सोलापूरकराला शिकवायला उजनी पुरेशी आहे. दर उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये" ही बातमी येते. ही टक्केवारी धरणातल्या एकूण पाण्याची नसते, ती असते उपयुक्त साठ्याची. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा सुमारे 53.5 आणि त्याखालचा मृतसाठा सुमारे 63.5. उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं की टक्केवारी वजा होते. म्हणजे "वजा 20 टक्के" झालेल्या उजनीत अजून जवळजवळ 53 टीएमसी पाणी असतं. परगावचा पाहुणा "वजा" ऐकून घाबरतो आणि "शंभर टक्के" ऐकून निश्चिंत होतो. दोन्ही वेळा त्याने भाजक विचारलेला नसतो.

माणशी खर्च काढताना भाजक असतो लोकसंख्या, आणि खरी अडचण तिथेच आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. तोवर जिल्ह्याची अधिकृत मोजलेली लोकसंख्या 2011 चीच : 43,17,756. यावर्षीचा खर्च 2011 च्या माणसांनी भागला की माणशी रक्कम फुगते. प्रगती झाली असं वाटतं, आणि प्रत्यक्षात फक्त खालचा आकडा म्हातारा झालेला असतो.

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथे रे नगर ही विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे अशांसाठीची 30,000 घरांची वसाहत उभी राहतेय. 19 जानेवारी 2024 ला त्यातली 15,000 घरं लाभार्थ्यांना देण्यात आली. हे लोक मुख्यतः शहरातले. शहराच्या दप्तरी ते अजून शहरात आहेत आणि गावाच्या दप्तरी 2011 ची कुंभारी आहे. पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान बघा, पाण्याची गरज बघा किंवा कचऱ्याच्या गाड्या, जुन्या लोकसंख्येवर काढलेला कोणताही माणशी आकडा तिथे एका हातात अन्याय आणि दुसऱ्या हातात फुकटची शाबासकी घेऊन येणार.

याच्या उलट गंमत पंढरपूरची. 2011 ची लोकसंख्या 98,923. आषाढीला लाखो वारकरी येतात. नगरपरिषदेचा स्वच्छतेचा खर्च स्थानिक डोक्यांनी भागलात तर माणसागणिक उधळपट्टी दिसेल. तिथे भाजक माणसांचा घेऊन चालतच नाही. माणसं गुणिले मुक्कामाचे दिवस असा घ्यायला हवा.

भाजकाच्या छोट्या व्याख्याही वाचा. जिल्ह्याची साक्षरता 77.02 टक्के आहे, पण ती 7 वर्षं आणि त्यावरील लोकांमधली. जनगणनेत वर्षात सहा महिने किंवा जास्त काम करणारा "मुख्य कामगार", त्याहून कमी करणारा "सीमांत". घरात स्वयंपाक उरकून विडी वळणारी बाई प्रगणकाला "घरीच असते" असं सांगते, किंवा तिच्या वतीने नवरा सांगतो. मग ती कोणत्याच रकान्यात नसते.

कागद कुठे मिळतात

हा भाग लांबवत नाही, कारण कागद मिळणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. सुरुवात "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" या पुस्तिकेने करा. जिल्हा सांख्यिकी कार्यालय ती काढतं आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या संकेतस्थळावर ती असते. तालुकानिहाय शेती, शाळा, दवाखाने, पशुधन, रस्ते, सगळं एका जागी मिळतं. राज्याशी तुलना करायला दरवर्षी अर्थसंकल्पाआधी येणारी "महाराष्ट्राची आर्थिक पाहणी". गावपातळीच्या सुविधांसाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराजवर, राज्याच्या निधीचं वितरण बीम्स या राज्याच्या अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर, शासन निर्णय शासनाच्या शासन निर्णय संकेतस्थळावर आणि निविदा महाटेंडर्सवर.

तक्ता उघडला की पहिल्यांदा कोपऱ्यातलं एकक बघा. कुठे रुपये हजारांत, कुठे लाखांत, कुठे कोटींत. एकदा मी स्वतः हजारांचा तक्ता लाखांचा समजून वाचला आणि चार लोकांत तावातावाने बोललो. शंभरपट चूक होती. नंतर माफी मागताना आवाज तेवढा मोठा नव्हता.

चौथी पायरी : पैशाचा टप्पा ओळखा

शेतकरी कुटुंबातल्या माणसाला अर्थसंकल्प समजावायचा तर मी पैसेवारीपासून, म्हणजे पीक किती आलं याच्या पैशांत मांडलेल्या सरकारी अंदाजापासून, सुरू करतो. एकाच गावाची, एकाच हंगामाची पैसेवारी तीनदा जाहीर होते : नजर, सुधारित आणि अंतिम. पीक उभं असताना नजरेने काढलेली 50 पैशांच्या वर गेली म्हणून कुणी हंगाम चांगला मानत नाही. सगळे थांबतात अंतिमला, कारण त्यामागे पीक कापणीचे प्रयोग असतात. अर्थसंकल्पाचे तीन स्तंभही असेच : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रकमा. मार्चमध्ये वर्तमानपत्रात छापून येते ती नजर पैसेवारी. वर्ष सरताना त्याचा सुधारित अंदाज होतो. प्रत्यक्ष रक्कम दोन वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात मिळते. म्हणून 2023-24 मध्ये खरंच काय खर्चलं हे 2025-26 च्या पुस्तकात बघायचं. यावर्षीच्या घोषणेची तुलना गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाशी करणं ही राजकारण्यांची आवडती कसरत आहे. नजरेची तुलना नजरेशी करा, अंतिमची अंतिमशी.

पुस्तकात वाट चुकू नये म्हणून लेखाशीर्षाचे, म्हणजे खर्चाच्या बाबीला दिलेल्या क्रमांकाचे, चार अंक ओळखा. 2 किंवा 3 ने सुरू होणारं शीर्ष महसुली खर्चाचं, म्हणजे पगार, दुरुस्ती, अनुदान. 4 किंवा 5 ने सुरू होणारं भांडवली, म्हणजे नवी इमारत, नवा रस्ता. 2202 सर्वसाधारण शिक्षण, 2210 वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, 2215 पाणीपुरवठा व स्वच्छता, 3054 रस्ते व पूल. त्याच रस्त्यांचा भांडवली खर्च 5054 खाली. खड्डे बुजवणं 3054 मध्ये आणि नवा रस्ता 5054 मध्ये, एवढं कळलं तरी "रस्त्यांवर इतके कोटी" या वाक्यातली हवा अर्धी कमी होते.

आता आपल्या जिल्ह्याच्या पैशाकडे. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समितीची बैठक होते आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो : जिल्ह्याला अमुक कोटी मंजूर. हा जिल्ह्यात येणारा सगळा पैसा असं आपण समजतो, ते बरोबर नाही. 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात एकूण खर्च 7,00,020 कोटी होता आणि सर्व जिल्ह्यांच्या जिल्हा वार्षिक योजनेसाठी (नियोजन समितीचा पैसा तो हाच) 20,165 कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले तीनही नाहीत. शिक्षकांचे पगार, पोलीस, निवृत्तिवेतन, मोठे पाटबंधारे हे सगळं विभागांच्या मागण्यांतून येतं आणि त्याच्यावर "सोलापूर" असं लिहिलेलं नसतं. नियोजन समितीचा पैसा महत्त्वाचा आहे, कारण त्यावर स्थानिक माणसाचं म्हणणं चालतं. पण तो म्हणजे जिल्हा नव्हे.

या मथळ्यातला "मंजूर" शब्द कुठे उभा आहे ते नीट बघा. पैशाचा प्रवास असा असतो : आधी तरतूद, मग निधी वितरण, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि शेवटी देयक. बांधकाम खात्यातली माणसं यांना प्रमा, तांमा, वर्क ऑर्डर, एमबी म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा, काम लवकर होतं. समजा एका रस्त्याला 40 लाख मंजूर झाले. तरतूद 40 असली तरी यावर्षी वितरित झाले 12, कार्यारंभ आदेश निघाला 36 चा, कारण ठेकेदाराने कमी दराने काम घेतलं, आणि मार्चअखेर एमबीवर काम चढलं 10 लाखांचं. कार्यकर्ता म्हणेल 40 लाख आणले. अधिकारी म्हणेल वितरित निधीचा 83 टक्के खर्च. रस्त्यावरचा माणूस म्हणेल, चौथा हिस्सा झालाय. तिघंही खरं बोलतायत. उरलेल्या रकमेला दफ्तरात "दायित्व" म्हणतात, आणि पुढच्या वर्षीच्या निधीतून आधी ते फेडावं लागतं. म्हणून नव्या कामांची यादी बघण्याआधी दायित्वाचा रकाना बघायचा.

आणखी एक खोच. जिल्हा परिषदेला मिळालेला नियोजन समितीचा निधी पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत खर्चता येतो. त्यामुळे मार्चमध्ये "निधी 100 टक्के खर्च" असं जिल्हाधिकारी कार्यालयातून कळतं, तेव्हा पुष्कळदा अर्थ इतकाच असतो की पैसा कोषागारातून निघून जिल्हा परिषदेच्या खात्यात पोचला. तो रस्त्यावर उतरायला अजून वर्ष लागू शकतं.

ग्रामपंचायतीत हे सगळं हाताच्या अंतरावर असतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या अनुदानात 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, आणि 40 टक्के अबंधित. ग्रामसभेत "पैसा आहे पण वापरता येत नाही" असं सरपंचांनी सांगितलं तर ते टाळणं असेलच असं नाही. खात्यात फक्त बंधित शिल्लक असू शकते. बंधित-अबंधित वेगळं विचारा, मग सामान्य रोकड वही मागा.

जोडणी मोजली की पाणी मोजलं?

आकडा बरोबर, हद्द बरोबर, तारीखही बरोबर, आणि तरी चित्र चुकीचं, असंही होतं. कारण सरकार जे सहज मोजता येतं ते मोजतं. घरात नळ आहे का, हे मोजता येतं. नळाला पाणी कधी येतं, हे मोजायला माणूस उठून पहाटे तिथे उभा राहावा लागतो. सोलापूर शहरात नळजोडण्यांचा आकडा चांगला दिसतो आणि पाणी काही दिवसांआड येतं, दोन्ही खरं आहे. माणशी लिटरची सरासरीही अशीच. टाकीतून सुटलेलं पाणी भागिले माणसं, त्यात गळती कुठे गेली आणि हद्दवाढ भागातलं शेवटचं घर कुठे, हे दिसत नाही.

यावर माझा उपाय घरगुती आहे. प्रत्येक "आहे" च्या आकड्याशेजारी "चालतं का" चा एक आकडा ठेवायचा. दवाखाने किती, याच्या शेजारी डॉक्टरांची मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं. नळजोडण्या किती, याच्या शेजारी महिन्यात पाणी आलेले दिवस, आणि हे तुम्ही कॅलेंडरवर टिंब मारून स्वतः मोजू शकता. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी दूधवाल्याच्या हिशेबाच्या कॅलेंडरवरच वर्षभर पाण्याची टिंबं मारली. प्रभाग कार्यालयात त्या कॅलेंडरने जे काम केलं ते आमच्या तीन निवेदनांनी केलं नव्हतं.

वाढीच्या दाव्यांनाही हेच लावा. "बारा वर्षांत तरतूद दुप्पट केली" हे ऐकायला छान. महागाई सरासरी 6 टक्के धरली तर 72 भागिले 6, म्हणजे बारा वर्षांत किमती आपोआप दुप्पट होतात. खडी, डांबर, मजुरी सगळंच. दुप्पट पैशात तेवढाच रस्ता झाला, वाढ शून्य. अहवालात "चालू किमती" आणि "स्थिर किमती" असे दोन तक्ते असतात, पहिल्यात महागाई धरलेली आणि दुसऱ्यात वगळलेली, ते यासाठीच.

शेवटी कार्यालयात

संकेतस्थळावर न मिळालेलं माहिती अधिकारात मागा. पण आधी त्या कार्यालयाने कलम 4 खाली स्वतःहून काय जाहीर केलंय ते बघा, अर्ध्या वेळा अर्ज लागतच नाही. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपये, प्रतीला पानामागे 2 रुपये, एका अर्जात एकच विषय आणि तोही साधारण 150 शब्दांत. उत्तराची मुदत 30 दिवस. "हा रस्ता इतका खराब का?" असं विचारू नका. का या प्रश्नाला माहिती अधिकारात जागा नाही. "अमुक कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि देयकाची प्रत" असं कागदाच्या नावाने मागा.

प्रतींपेक्षा मला अवलोकन आवडतं. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहू देण्याची सोय शासनाने केलेली आहे. फाईल समोर बसून पाहिली की तिच्यातल्या टिपण्या दिसतात, तारखा दिसतात, कुठल्या टेबलावर ती चार महिने पडून होती ते दिसतं. जाताना वही, गणकयंत्र आणि पाण्याची बाटली न्या. एकटे जाऊ नका. दोघं असाल तर एक वाचतो, दुसरा लिहितो. पहिल्या सोमवारी "साहेब मीटिंगला आहेत" असं ऐकू आलं, तर तारीख-वेळ वहीत लिहून समोरच्याला नाव विचारा आणि पुढच्या सोमवारी पावणेतीनलाच जा.